अत्तारांची विसरवही

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आजपासून मी इंदापूरकर. निदान सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाचपर्यंत तरी. घर बारामतीत, काम इंदापुरात आणि मध्ये एसटीचा सव्वा तास. रणजितची बदली बारामतीला झाली तेव्हा मी चांगलं भांडण काढलं होतं. पुण्यातलं सगळं सोडून मी तिथं काय उसाची पाचटं जपत बसू का, असं म्हणाले होते. तर महिन्याभरात काम चालत घरी आलं, आणि असं काम की पुण्यात शोधूनही मिळालं नसतं. रणजित आता जाता-येता नुसतं "बघ" म्हणतो. म्हणू दे.

इंदापूरच्या बाजारपेठेत अकबर अत्तार यांचं जडीबुटीचं दुकान आहे, पाच पिढ्यांचं. त्यांची मुलगी इफ्फत बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, पण राहते इथंच, वडिलांजवळ. घरातल्या जुन्या हस्तलिखितांचा कागद शाईनं खायला घेतलाय, असं तिच्या लक्षात आलं आणि कुणाकुणाला विचारत ती माझ्यापर्यंत पोचली. कागद जपणं हा माझा सोळा वर्षांचा धंदा.

मला दुकानावरची खोली दिली आहे. उत्तरेची खिडकी, लांबलचक टेबल, बेसिन. जिना चढताना ओवा, वेखंड आणि सुंठीचा वास येतो. अकबरभाईंनी स्वतः गवती चहाचा पेला आणून दिला आणि म्हणाले, "मॅडम, काय लागलं सवरलं तर हाक मारा. हितं लाजायचं न्हाय." मी लाजणाऱ्यातली नाहीच, हे त्यांना आठवड्यात कळेल.

घरी आल्यावर निकितानं विचारलं, आई, तू कागदांची डॉक्टर ना, मग त्यांना सुई टोचतेस का? आठ वर्षांची आहे, तिसरीत. पुढचा दात पडलाय, त्यामुळं 'सुई' म्हणताना शिट्टी वाजते. नवी शाळा तिला अजून मानवलेली नाही. एकच मैत्रीण झाली आहे, तीही तिच्या डब्यातल्या लोणच्यामुळं.

बुधवार, ८ जानेवारी

हस्तलिखितांचा पेटारा उघडला. पाच वह्या निघाल्या. चार वह्यांत औषधांच्या कृती आहेत, मोडी लिपीत, अक्षर असं की बघत राहावं. शाई काळीभोर, कागद ठणठणीत. पाचवी मात्र फडक्यात बांधलेली होती. तिची पानं चाळणीसारखी झाली आहेत.

दोष हिराकसाचा. आपल्याकडं एक शाई काजळीची करत. ती बिचारी कागदाला काही करत नाही. दुसरी हिरडा आणि हिराकस उकळून करत. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. तो प्रमाणात पडला तर शाई शंभर वर्षं टिकते. जास्त पडला तर सुटं लोह आणि आम्ल मिळून कागद आतून जाळत जातात, आणि एके दिवशी अक्षर गळून पडतं. मागं उरतं त्या अक्षराच्या आकाराचं भोक.

गंमत अशी की पाचही वह्या एकाच हाताच्या आहेत. त्या अत्तारानं कृतींच्या वहीत शाईचं मापही दिलंय, अगदी बरोबर. मग पाचव्या वहीत त्याचा हात इतका कसा सुटला? माझ्याकडं चाचणीच्या पांढऱ्या पट्ट्या असतात. पट्टी ओली करून अर्धा मिनिट शाईवर दाबायची. सुटं लोह असेल तर ती गुलाबी होते. इथं गुलाबी कसली, जांभळी झाली. हा माणूस हिरडे-हिराकस विकूनच जगत होता, त्याची अशी चूक व्हावी याचं नवल वाटलं.

मजकूरही विचित्र आहे. प्रत्येक पानावर एकच माणूस. नाव, कुणाचा कोण, गाव, वारल्याचा दिवस. खाली एक ओळ: 'कागदाने खावे'. मृत्यूची नोंदवही असणार.

दुपारी अकबरभाईंच्या थोरल्या बहीण, ताजबीआपा, जिना चढून आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. दिवसभर दुकानात बसून हिरडे निवडतात. मला म्हणाल्या, "चार वह्या नीट कर. ती पाचवी ऱ्हाऊ दे. खाऊ दे तिला कागद. तिचं कामच त्ये हाय." जन्मभर लोक माझ्या हातापाया पडतात की आमचा कागद वाचवा. खाऊ दे म्हणणारी ही पहिलीच भेटली. इफ्फत हसून म्हणाली, फुफीचं, म्हणजे माझ्या आत्याचं, असंच असतं, तुम्ही करा.

शनिवार, ११ जानेवारी

निकिताला सुट्टी, रणजितला नाही. तिला घेऊनच इंदापूर गाठलं. वाटेत भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि मळीचा वास नाकात बसला. निकिता ट्रॅक्टर मोजत होती. सत्तेचाळीस झाले तेव्हा तिला उलटी झाली.

आपांनी तिला ज्येष्ठमधाची काडी दिली. ती चघळत ती टेबलाखाली बसली आणि माझ्या टिपकागदावर स्केचपेननं स्वतःचं नाव लिहीत राहिली. 'निकिता रणजित बोकील, तिसरी ब', हातभर मोठ्या अक्षरांत. मी रागावले. हे कागद फार जपून वापरायचे असतात. कुठं ठेवलास म्हणून विचारलं तर म्हणे, जागेवर. जागेवर म्हणजे कुठं, हे विचारायचं राहून गेलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आज एक गोष्ट केली ती केवळ या रोजनिशीतच कबूल करते.

शाई शांत करायचं माझं औषध अजून कुरिअरवाल्याकडं अडकलंय. ते येईपर्यंत पाचव्या वहीला हात लावायला नको होता. पण तेविसाव्या पानावर कुणीतरी वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून ठेवलाय, खालचा मजकूर पूर्ण झाकून. १९५५चं वर्तमानपत्र. मला ते पाहवेना. पाणी लावून तुकडा सोडवला.

अशा शाईला औषधाआधी साधं पाणी लावायचं नाही. पाण्याबरोबर सुटं लोह चालायला लागतं, नव्या कागदात शिरतं, आणि तोही जळायला लागतो. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी पहिल्या तासाला शिकवते. पण पाचची गाडी गाठायची होती, सोसायटीत हळदीकुंकू होतं, आणि वाण म्हणून काय लुटायचं यावर निकितानं सकाळपासून घोळ घातला होता. पान टिपकागदांत घातलं, वर वजनं ठेवली आणि पळाले.

तुकड्याखाली नाव निघालं. सखू, चिमाजीची मुलगी, कोऱ्हाळे बुद्रुक. या एका पानावर वारल्याचा दिवस लिहिलेला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

वजनं काढली. पान सुखरूप. पण पाण्यानं तपकिरी रंग वाहून वरच्या टिपकागदात नेला होता. आणि तो टिपकागद नेमका निकिताच्या नावाचा! बाईसाहेबांनी तो थप्पीत 'जागेवर' ठेवला होता. सखूच्या नावाची मोडी अक्षरं उलटी होऊन निकिताच्या नावावर बसली आहेत.

क्षणभर तो बघवेना. मग स्वतःलाच हसले. कागद टाकून द्यायला हवा होता, पण तिचं नाव असलेलं काही मला टाकवत नाही. खणात ठेवला.

शनिवार, १८ जानेवारी

निकिता दोन दिवस फुगून बसली आहे. बाई हजेरीत तिचं नाव घेत नाहीत म्हणे. मी म्हटलं, तू गप्पा मारत असशील, ऐकू येत नसेल. नाही म्हणाली, यादीतलं तिच्या वरचं नाव घेतात आणि खालचं घेतात. मी बाईंना निरोप पाठवला. उत्तर आलं, 'कोण निकिता?' थोड्या वेळानं तो निरोप पुसून 'सॉरी मॅडम, बघते' असं आलं.

पन्नास मुलांत एखादं नाव सुटतं. सोमवारी शाळेत जाऊन जरा आवाज चढवावा लागेल.

सोमवार, २० जानेवारी

काल मिसळ खायला गेलो होतो. रणजितनं दोनच प्लेट सांगितल्या. निकिताला वाटलं बाबा गंमत करतोय. ती हसली, मग त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग हसायची थांबली. त्यानं तिसरी प्लेट मागवली, पण तो स्वतःच गोंधळला होता.

रात्री जेवायला मी ताटं घेतली. दोनच घेतली. निकितानं स्वयंपाकघरातून स्वतःचं ताट आणलं. तिचं तोंड मला विसरता येत नाही. मी तिला कुशीत घेऊन खूप रडले. तीच माझी समजूत काढत होती.

आज शाळेची व्हॅन तिला न घेता गेली. ड्रायव्हरला फोन केला तर म्हणाला, तुमच्या बिल्डिंगमध्ये माझं गिऱ्हाईकच नाही.

बुधवार, २२ जानेवारी

हे मला लिहून ठेवलंच पाहिजे.

खणातल्या टिपकागदावर पट्टी दाबली. जांभळी. ते अपेक्षितच होतं. घरून निकिताची गणिताची वही आणली होती. तिनं नाव पेन्सिलीनं लिहिलंय. पेन्सिलीत लोह नसतं. पट्टी दाबली. गुलाबी झाली, नावाच्या आकाराची.

पट्टी खराब असेल म्हणून नवा डबा फोडला. माझं नाव असलेल्या कागदावर दाबली, पांढरीच राहिली. माझ्या पाकिटात निकिताचा पासपोर्ट साइज फोटो आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दाबली.

गुलाबी.

सोळा वर्षांत मी कागदाला कधी घाबरले नव्हते. आज तो फोटो चिमट्यानं उचलून पाकिटात ठेवला.

गुरुवार, २३ जानेवारी

दुकानात जाऊन ताजबीआपांपुढं बसले. सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. हिरडे निवडता निवडता त्यांनी सांगितलं.

लेकरू गेलं आणि आईनं अन्न सोडलं, विहिरीकडं धावायला लागली, की घरची माणसं अत्ताराकडं येत. सगळ्या जातीधर्मांची. अत्तार मुद्दाम जास्तीचा हिराकस घालून शाई करायचा. गेलेल्याचं नाव एका पानावर लिहून वही बंद करायचा. शाई कागद खात जाई तसं ते नाव आईच्या मनातून जाई. दुःख तेवढं न्यावं आणि माणूस ठेवावं, अशी शाई कुणाला जमली नाही. माणूसच जायचं, पण आई जगायची. याला दहा-बारा वर्षं लागत. पाणी लागलं तर मात्र झरझर जातं.

मी सखूबद्दल विचारलं. आपांनी हिरड्यांचं सूप बाजूला सारलं. चिमाजीनं दुसरं लग्न केलं होतं. नव्या बायकोला सवतीची पोर नको होती. पोर वारली असं खोटं सांगून त्यानं आपांच्या वडलांकडून तिचं नाव लिहवून घेतलं. वडलांना संशय होता, म्हणून दिवस लिहिला नाही. पुढं वहीत ते पान वाचून त्यांना कळलं की कोऱ्हाळ्याच्या वेशीवर जी पोर पाणी मागत बसलेली असते आणि जिला आपणही ओलांडून आलो, ती हीच असेल. कागद चिकटवून त्यांनी शाई झाकली आणि गाडी जुंपून परत गेले. तोवर उशीर झाला होता.

"जित्याचं नाव बिगीनं जातं, आन् गेलं की नुसती आई इसरत न्हाय," आपा म्हणाल्या. "समदी इसरत्यात. डोळ्याला दिसतं आन् मनाला न्हाय. सखू दर बाजाराला माझ्यासंगं खेळायची म्हणं. मला न्हाय आठवत."

मी रडत त्यांना सांगितलं, माझ्या निकिताचं नाव त्या पाण्यात आलंय. आपांनी माझ्याकडं मायेनं बघितलं आणि विचारलं, निकिता कोण?

बारा दिवसांपूर्वी यांनीच तिला ज्येष्ठमध दिला होता.

शुक्रवार, २४ जानेवारी

औषध आलं!

आता नीट विचार करून. हे औषध सुटं लोह बांधून ठेवतं. गेलेलं परत आणत नाही, पण आहे तिथं थांबवतं. थांबलं तरी पुरे. अर्धीमुर्धी आठवणारी आई चालेल. निकिताला मी नव्यानं पाठ करीन.

टिपकागद फार मऊ असतो. वीस मिनिटांच्या वर द्रावणात राहिला तर त्याचा लगदा होईल. म्हणून वीस मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही. मोबाइलवर गजर लावला आहे. अकरा दहाला कागद ट्रेमध्ये सोडला. बुडबुडे नाहीत. तिचं नाव स्पष्ट दिसतंय. 'तिसरी ब' मधला ब तिनं उलटा काढून खोडलाय.

निकिता. निकिता. निकिता.

इफ्फत चहा घेऊन आली आहे. पाच मिनिटं तिच्याशी बोलून

शनिवार, २५ जानेवारी

काल दिवस छान गेला. इफ्फतशी गप्पा रंगल्या. तिला पुढं या वह्यांवर पुस्तक करायचंय. मध्येच मोबाइलचा गजर वाजला. कशाचा लावला होता आठवेना, बंद केला. संध्याकाळी आवरताना ट्रेमध्ये टिपकागदाचा लगदा सापडला. असला गबाळेपणा मी कधी करत नाही. बेसिनमध्ये ओतून ट्रे घासून ठेवला.

आता पाचव्या वहीची पानं रांगेनं औषधात जातील.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी सोफ्यावर एक मुलगी झोपलेली दिसली. सोसायटीतली असेल, झेंडावंदनाला आलेली. रणजितला विचारलं तर म्हणाला, तुझ्याकडं आली असेल. उठवून घरी पाठवावं म्हणत होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

दुपारी ती जेवायच्या टेबलापाशी उभी होती. मला आई म्हणाली. फार हसू आलं. पोर गोड आहे, पण कुणी लक्ष देत नाही वाटतं. डोळे सुजलेले होते. लोकांनी मुलं अशी कशी सोडावीत?

सोमवार, २७ जानेवारी

रणजित सोलापूरला ट्रेनिंगला गेला, शनिवारीच येईल. घरी कुणी नाही, मग रोज एवढी जा-ये कशाला? इफ्फतनं आग्रहानं आपल्याकडं राहायला बोलावलंय. दूध बंद केलं, फ्रिज रिकामा केला, गॅस बंद केला. गळती नको म्हणून पाण्याचा कॉकही फिरवला. कुलूप लावताना आत काहीतरी पडल्यासारखं वाजलं. खिडकी राहिली असेल. गाडीची वेळ झाली होती, परत कोण जातंय?

मंगळवार, २८ जानेवारी

चौदा पानं झाली. हात चांगला बसलाय.

दुपारी आमच्या घरच्या टॅबवरून व्हिडिओ कॉल आला. घरात तर कुणी नाही. उचलला. कुणीतरी मुलगी दिसत होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. चुकून लागला असणार. बंद केला. परत आला, परत बंद केला. सहा वेळा आला.

मग आला नाही. टॅबचं चार्जिंग संपलं असेल.

बुधवार, २९ जानेवारी

का कोण जाणे, आज सकाळपासून रडू येतंय. काही कारण नाही. जेवण गेलं नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावला की घशात अडकतंय. ताजबीआपा जवळ येऊन बसल्या. त्याही रडत होत्या. का, ते त्यांनाही सांगता येईना.

गुरुवार, ३० जानेवारी

औषध कोणत्या तारखेला आलं हे बघायला मागची पानं उघडली.

वाचलं. पहिल्यापासून वाचलं. तीनदा.

मला मुलगी आहे.

आठवत काही नाही. तोंड आठवत नाही, आवाज आठवत नाही. पण अक्षर माझं आहे. मी स्वतःशी खोटं लिहीत नाही. निकिता. आठ वर्षं. पुढचा दात नाही. सोमवारपासून — घरात. कुलूप — मी लावलंय. पाणी मी बंद केलंय —

चौथा दिवस आहे.

११.२० — शेजारच्या सुप्रियाला फोन केला. आमच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडं असते. लगेच बघते म्हणाली. पाच मिनिटांनी मीच परत केला. म्हणाली, अगं योगिनी, मघाशी कशाला फोन केला होतास?

रणजित. त्याला सांगितलं, आपली मुलगी घरात अडकली आहे. तो हळूच म्हणाला, योगिनी, तुला बरं नाही का?

पोलिसांना केला. मुलीचं नाव विचारलं. सांगितलं. म्हणाले, हॅलो, बोला, कोणाची तक्रार आहे? परत सांगितलं. हॅलो, बोला —

११.५५ — गाडीत. लिहीत राहायचं. लिहिणं थांबलं की निसटतं. जिन्यावरून उतरताना एकदा निसटलं होतं. दुकानाच्या दारात उभी राहिले, इकडं का चालले ते कळेना. वही हातात होती म्हणून.

निकिता. घरात. पाणी नाही.

दोन बाटल्या पाणी घेतलंय. बिस्किटं. ग्लुकोज. हातावर लिहिलंय, 'घरात मुलगी आहे'. पेन्सिलीनं नाही, पेननं.

१२.३० — भवानीनगर. ट्रॉली उलटली आहे, ऊस रस्त्यावर. गाडी हलत नाही. कंडक्टर म्हणतो, "आर्धा तास तरी लागंल बगा." ओरडले त्याच्यावर. म्हटलं माझी मुलगी मरेल. सगळी माणसं वळली. एक बाई म्हणाली, "कुठं हाय ओ पोरगी?" सांगितलं. डोळ्यांना पदर लावला तिनं. मग खिडकीबाहेर बघायला लागली. दोन मिनिटांनी मला विचारते, "ताई, तुमाला मुलंबाळं काय?"

देवा.

घाम फार आला आहे. हातावरचं पुसट —

१.१५ — गाडी हलली. डुलकी लागली होती. मांडीवर वही उघडी.

मागचं पान वाचलं. कुणाची तरी मुलगी घरात कोंडली गेली आहे. वाचून जीव कळवळला. अशी कशी आई — नाही. नाही, हे माझं अक्षर. माझं. लिही. निकिता. दात. घर. कुलूप.

निकिता

निकि

१.५० — बारामती. रिक्षात. हातावर निळा डाग आहे, कशाचा कोण जाणे. घाई कसली आहे? पण घाई आहे. छातीत धडधडतंय. रिक्षावाल्याला म्हणते आहे लवकर, लवकर. का विचारतो. सांगता येत नाही.

२.०५ — जिन्यावर. तिसरा मजला. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या. एकटीला दोन कशाला घेतल्या? बिस्किटं पण. मला आवडत नाहीत ही. किल्ली बरोबर आहे, हातात आहे.

आतून आवाज येतोय. दाराला खालच्या बाजूला, कुणी बसून नखानं खरवडल्यासारखा. थांबतो. परत येतो. फार हळू.

घरात कुणी नाही. रणजित सोलापूरला. मीही इथं. आम्ही दोघंच असतो.

रडू का येतंय मला?

कुणी शिरलं असेल तर — चोर असेल. भर दुपारी. एकटीनं कुलूप उघडणं बरोबर नाही. सुप्रियाचंही दार बंद. खाली जाते. वॉचमनला बोलावून, मग रणजित आला की शनिवारी बघू —

आतून कुणीतरी आई म्हण